घटस्फोटाचा विचार आणि कायद्याची वाट

कायद्यावरील व्याख्यान संपले, की श्रोत्यांकडून चिठ्ठ्या येऊ लागतात. जमीन, भाडेकरू, मृत्युपत्र अशा विषयांवरील चिठ्ठ्यांखाली बहुधा नाव असते, आणि विचारणारे गृहस्थ उभे राहून आणखी दोन उपप्रश्नही विचारतात. परंतु दर वर्षी एखादी चिठ्ठी चार घड्या घालून, नावाशिवाय, अनेक हातांतून फिरत व्यासपीठावर येते. मागे अशीच एक चिठ्ठी आमच्या हाती आली. तिच्यात लिहिले होते : "दोघांनी राजीखुशीने मुद्रांकाच्या कागदावर सोडचिठ्ठी लिहून दिली आहे. नोटरीसमोर सह्या झाल्या, चार वडील माणसे साक्षीला होती. मुलीला आता दुसरे स्थळ आले आहे. काही अडचण नाही ना?"

अडचण आहे, आणि ती लहान नाही. ते लग्न कायद्याच्या दृष्टीने मोडलेलेच नाही. एवढे उत्तर आम्ही त्या दिवशी दिले. परंतु 'का' हे सांगण्यास वेळ उरला नव्हता, आणि सभागृहातील मागच्या रांगेत कोणीतरी डोळ्यांना पदर लावल्याचे आम्ही पाहिले. तेव्हा राहून गेलेला भाग येथे सावकाश मांडावा, असे योजले आहे.

प्रथम हे लक्षात घ्यावे, की मुद्रांकावरील सोडचिठ्ठी ही काही केवळ अज्ञानातून आलेली कल्पना नव्हे. तिला जुना इतिहास आहे. धर्मशास्त्राप्रमाणे विवाह हा संस्कार असल्यामुळे तो सुटत नाही, असे आपण ऐकत आलो. पण हा नियम सर्व समाजाला कधीच लागू नव्हता. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड होती, फारकत होती, आणि त्यानंतर पाट किंवा मोहतूर लावून स्त्रीचा दुसरा संसारही उभा राहत असे. पंचांसमोर काडी मोडली, की दोघे मोकळे. कौटिल्यानेही आपल्या अर्थशास्त्रात परस्परांचा द्वेष उत्पन्न झाल्यास काही प्रकारच्या विवाहांतून मोक्ष सांगितलेला आहे. दार बंद होते ते मुख्यत्वे उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या घरांत, आणि तेथेही स्त्रीसाठी. पुरुष पहिली असताना दुसरी करू शकत होता.

हे बंद दार किती जड होते, ते रखमाबाईंच्या खटल्यावरून कळते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी जाणत्या वयात नवऱ्याच्या घरी जाण्यास नकार दिला. १८८४ साली नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिल्या न्यायमूर्तींनी १८८५ साली तो फेटाळला. पण पुढे १८८७ साली, नांदायला जा अथवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. तुरुंग पत्करीन, असे या बाईंनी कळविले. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन परत आल्या. त्यांना सुटका मिळाली ती पैशाने मिळाली. कायद्यापाशी त्यांना देण्यासारखे काही नव्हते.

कायद्याने दार उघडण्यास पुढे जवळजवळ साठ वर्षे लागली. बडोदे संस्थानात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधाचा आणि १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा आला. हिंदू कोड बिलाची वाट अडविली गेल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे सर्वश्रुत आहे. त्या बिलाचा विवाहविषयक भाग अखेर १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह कायदा म्हणून अमलात आला. तो हिंदूंबरोबर बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. पारशी, ख्रिस्ती व मुसलमान यांचे कायदे निराळे आहेत. नोंदणी विवाह करणाऱ्यांसाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. आणि गोव्यात पोर्तुगीज अमदानीतील नागरी संहिता व १९१० चा घटस्फोट कायदा चालत आला आहे. या लेखात आम्ही १९५५ च्या कायद्यापुरतेच बोलू.

आता चिठ्ठीकडे वळू. १९५५ च्या कायद्याने जातीच्या रूढीने होणारी फारकत पुसून टाकली नाही. कलम २९ मध्ये ती राखून ठेवली आहे. पण अट अशी, की आपल्या समाजात अशी रूढी फार पूर्वीपासून अखंड चालत आली आहे, हे सांगणाऱ्याने पुराव्याने सिद्ध केले पाहिजे. वाद निघाला, तर ती न्यायालयातच सिद्ध करावी लागते. म्हणून अशी रूढी खरोखर असेल त्यांनीसुद्धा न्यायालयाकडून वैवाहिक स्थितीविषयी ठराव करून घेणे शहाणपणाचे. ज्यांच्यात रूढी नाही, त्यांच्या बाबतीत मुद्रांक कितीही रुपयांचा असो आणि साक्षीदार कितीही मातब्बर असोत, त्या कागदाने लग्न सुटत नाही. नोटरी सही कोणाची, एवढे पाहतो; लग्न मोडण्याचा अधिकार त्याला नाही. विवाह नोंदणी कार्यालयात जाऊन नोंद 'रद्द' करून घेता येईल, हाही असाच एक भ्रम आहे.

अशा कागदावर विसंबून दुसरे लग्न केले, तर ते लग्न मुळातच रद्दबातल ठरते. शिवाय पहिला जोडीदार हयात असता दुसरे लग्न करणे हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आहे. सोडचिठ्ठीवर सही करणारा नवरा पुढे उलटला, तर त्रास त्या मुलीलाच होणार. दुसऱ्या नवऱ्याच्या पश्चात पत्नी म्हणून तिचा हक्कही वादात सापडणार. कायदा एवढीच दया दाखवितो, की अशा विवाहाची अपत्ये औरस मानली जातात.

तर मग न्यायालयाची वाट कशी आहे? तीवर पाऊल टाकण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : आपल्याला खरोखर घटस्फोटच हवा आहे काय? हा प्रश्न आम्ही नीतीचा पाठ देण्यासाठी विचारीत नाही. आमच्या अनुभवात, घटस्फोट मागायला आलेल्या कित्येक स्त्रियांना प्रत्यक्षात हवी असते सुरक्षितता, किंवा घरखर्चाला पैसे, किंवा डोक्यावर छप्पर. या तिन्ही गोष्टी घटस्फोटावाचून मिळू शकतात. मारहाण होत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षणाचा व सामाईक घरात राहण्याचा हुकूम मागता येतो. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट मॅजिस्ट्रेटकडे जाता येते. नवरा पोसत नसेल, तर पोटगीचा स्वतंत्र अर्ज करता येतो. तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली होई. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली होतो. लग्न कायम ठेवून वेगळे राहण्याची मुभा हवी असेल, तर न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा मिळतो. जिवाला धोका असेल तेथे मात्र आधी सुरक्षित जागी जावे आणि कायद्याची चर्चा मागाहून करावी. 'थोडे सोसून पाहा' हा सल्ला देणारे पुष्कळ असतात. पण सोसायचे त्यांना नसते.

एवढा विचार करूनही संसार संपला आहे असेच मनाने घेतले, तर दोन रस्ते आहेत : एक संमतीचा, दुसरा वादाचा.

वादाचा रस्ता कलम १३ मधून जातो. अर्ज करणाऱ्याने जोडीदाराविरुद्ध कायद्यात सांगितलेले एखादे कारण सिद्ध करावे लागते : व्यभिचार, क्रूरता, सलग दोन वर्षे टाकून देणे, धर्मांतर, एकत्र राहणे अशक्य व्हावे असा मानसिक विकार, संसर्गजन्य गुप्तरोग, संन्यास, किंवा सात वर्षे ठावठिकाणा नसणे. कुष्ठरोग हे कारण २०१९ साली वगळण्यात आले, आणि ते योग्यच झाले. पत्नीला याखेरीज आणखी काही कारणे दिली आहेत. उदाहरणार्थ, पोटगीचा हुकूम झाल्यानंतर एक वर्ष वा अधिक काळ दोघे एकत्र नांदली नसतील, तर तेवढ्यावरही ती घटस्फोट मागू शकते. लग्नानंतर पहिल्या वर्षात मात्र अर्ज करता येत नाही. असाधारण हालअपेष्टा असतील, तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

यांपैकी क्रूरता आणि परित्याग ही दोन कारणे आज सर्वांत अधिक पुढे येतात. १९५५ साली ती केवळ न्यायिक विभक्ततेची कारणे होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती घटस्फोटाची झाली. क्रूरता म्हणजे हातच उगारला पाहिजे असे नाही. मनाचा छळही तीत येतो. पण संसारात होणारी नेहमीची भांडणे म्हणजे क्रूरता नव्हे. या विषयावरील एक महत्त्वाचा निकाल पुण्यात विवाह झालेल्या एका सुशिक्षित दांपत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिला. न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी त्यात सांगितले, की क्रूरता सिद्ध करण्यास फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुरावा लागत नाही. कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढे पाहावे. त्या खटल्यात पत्नीचे वर्तन क्रूरतेत मोडते, असे न्यायालयास वाटले. तथापि नवऱ्याने ते सारे झाल्यावरही तिच्याशी पूर्ववत संसार केला होता, म्हणजेच कायद्याच्या भाषेत क्षमा केली होती. म्हणून त्याची मागणी फेटाळली गेली. यातून घेण्याचा बोध असा, की न्यायालय एखाद्या प्रसंगाबरोबर त्याच्या नंतरचे दिवसही पाहते.

परित्यागाचेही तसेच. मुंबईकडील एका खटल्यात, नवरा परदेशी असताना आलेल्या एका पत्रावरून गैरसमज झाले व बायको माहेरी गेली. १९४७ च्या मुंबई कायद्याखाली चार वर्षांच्या परित्यागावरून नवऱ्याने घटस्फोट मागितला. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. घर सोडणे ही एक गोष्ट, आणि संसार कायमचा टाकण्याचा निश्चय ही दुसरी. दोन्ही एकत्र सिद्ध झाल्याखेरीज परित्याग होत नाही. ती परत येऊ इच्छीत होती, आणि तिची वाट नवऱ्यानेच अडविली होती. माहेरी गेलेल्या मुलीने परत जाण्याची तयारी दाखविणारी पत्रे का जपून ठेवावीत, हे यावरून ध्यानी येईल. आजच्या काळात पत्रांची जागा मोबाईलवरील संदेशांनी घेतली आहे. ते रागाच्या भरात पुसून टाकू नयेत, आणि रागाच्या भरात लिहूही नयेत.

दुसरा रस्ता संमतीचा. तो १९७६ साली कलम १३-ब ने उघडला. दोघे एक वर्ष वा अधिक काळ वेगळे राहत असावेत, एकत्र नांदणे अशक्य झालेले असावे, आणि लग्न मोडावे यावर दोघांचे एकमत असावे. वेगळे राहणे याचा अर्थ निरनिराळ्या घरांत राहणे असा नाही. एका छपराखाली राहूनही पतिपत्नी म्हणून न राहणे, हाही त्याचाच अर्थ आहे. दोघांनी मिळून अर्ज केल्यावर सहा महिने थांबावे लागते, आणि अठरा महिन्यांच्या आत दुसऱ्यांदा येऊन 'आमची इच्छा कायम आहे' असे सांगावे लागते. मधला काळ फेरविचारासाठी आहे. या काळात कोणीही एकजण संमती मागे घेऊ शकतो, आणि मग हुकूमनामा होत नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. २०१७ साली त्याच न्यायालयाने सांगितले, की देणीघेणी व मुले यांचा प्रश्न सुटलेला असेल, समेटाची आशाच उरली नसेल, आणि दोघे दीर्घकाळ वेगळे राहत असतील, तर सहा महिन्यांची अट न्यायालय शिथिल करू शकते. 'संसार पूर्णपणे कोसळला आहे' एवढ्याच कारणावरून लग्न मोडण्याचा अधिकार मात्र खालच्या न्यायालयांना नाही. तो संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली एकट्या सर्वोच्च न्यायालयाला आहे, हे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालाने ठरले.

अर्ज कोठे करायचा? लग्न जेथे लागले, दोघे शेवटी जेथे एकत्र राहिली, किंवा सामनेवाला जेथे राहतो तेथे. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला ती स्वतः जेथे राहते त्या गावीही अर्ज करण्याची सवलत मिळाली. माहेरी परतलेल्या मुलीचे हेलपाटे त्यामुळे वाचले. १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालयांची तरतूद केली आणि १९८९ साली पुणे व मुंबई येथे ती सुरू झाली. जेथे कुटुंब न्यायालय नाही, तेथे वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायालयात जावे लागते.

वादाच्या अर्जाचा क्रम असा : अर्ज दाखल होतो, सामनेवाल्यास समन्स जाते, तो लेखी कैफियत देतो. कुटुंब न्यायालयात पक्षकारांना विवाह समुपदेशकाकडे पाठविले जाते. समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे. समेट न झाल्यास वादाचे मुद्दे काढले जातात, शपथपत्रावर पुरावा होतो, उलटतपास होतो, युक्तिवाद होतात आणि निकाल लागतो. कोणा एकाने मागणी केली, तर सुनावणी बंद दाराआड होते. तेव्हा चारचौघांत अब्रू जाईल या भयाने कोणी थांबू नये. कुटुंब न्यायालयात हक्क म्हणून वकील देता येत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. ती सामान्यतः मिळते. ज्या स्त्रीला वकिलाचे शुल्क परवडत नाही, तिने विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. समन्स आले असता ते न घेणे, किंवा घेऊन घरी बसणे, यासारखी दुसरी चूक नाही. अशाने एकतर्फी निकाल होतो.

पैशाचा प्रश्न नाजूक समजून लोक तो शेवटी काढतात. तो आधी काढावा. दावा चालू असताना कलम २४ खाली अंतरिम खर्च मागता येतो, आणि निकालाच्या वेळी कलम २५ खाली कायमची पोटगी. या कलमांखाली पतीही मागणी करू शकतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या नियमाप्रमाणे दोघांनीही आपली मिळकत, कर्जे व खर्च शपथेवर उघड करावयाचे असतात, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. लग्नात वा लग्नानंतर स्त्रीला मिळालेले दागिने व वस्तू हे तिचे स्त्रीधन. ते सासरी ठेवले म्हणून सासरचे होत नाही. संमतीच्या अर्जात या साऱ्या गोष्टी तपशिलाने लिहाव्यात. "मला काहीही नको, फक्त सोडवा," असे म्हणून सही करणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. तो निर्णय थकव्याचा असतो, आणि थकवा वर्षभरात उतरतो.

मुलांविषयी कायद्याचे एकच सूत्र आहे : मुलाचे हित सर्वांत वर. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ राहते. पुढे न्यायालय वय, शिक्षण, जिव्हाळा, मुलाची इच्छा असे सर्व पाहते. ताबा एकाकडे दिला, तरी दुसऱ्याला भेटीचा हक्क राहतो, आणि ताब्याचा हुकूम परिस्थितीप्रमाणे बदलून घेता येतो. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आईबापांनी आपसात सौदा करून तो सोडून देऊ नये. आणि मुलाला साक्षीदार करू नये. आईबाप एकमेकांपासून सुटतात, पण मूल दोघांपैकी कोणापासूनही सुटत नाही.

निकाल लागला, की लगेच दुसऱ्या लग्नाचा मुहूर्त धरू नये. वादाच्या निकालावर अपील होऊ शकते. अपिलाची मुदत उलटून जाईपर्यंत, किंवा अपील झाले असल्यास ते फेटाळले जाईपर्यंत, थांबावे. कुटुंब न्यायालयाच्या संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नसते. हुकूमनाम्याची प्रत दोन्ही पक्षांना मोफत देण्याचे कायद्यात सांगितले आहे; ती घेऊन जपून ठेवावी. पुढे पासपोर्टापासून वारसाहक्कापर्यंत हाच कागद उपयोगी पडतो.

आता त्या नाव नसलेल्या चिठ्ठीचे पुरे उत्तर देता येईल. मुलीचे स्थळ मोडू नका, पण मुहूर्त पुढे ढकला. स्थळाकडील मंडळींना खरे सांगा. जे खरे ऐकून परत फिरतील, ते पुढेही टिकले नसते. ती सोडचिठ्ठी फाडू नका. तिने लग्न सुटत नसले, तरी दोघांचे एकमत केव्हा झाले व दोघे केव्हापासून वेगळी आहेत, हे दाखविण्यास ती उपयोगी पडेल. वेगळे राहून वर्ष झाले असेल, तर पहिल्या जावयाला निरोप पाठवा आणि दोघांनी मिळून कलम १३-ब चा अर्ज करा. तो यायला तयार नसेल, तर कलम १३ मधील कोणते कारण लागू पडते ते वकिलाकडून पाहून घ्या. वेळ लागेल. पण जी मुलगी एकदा होरपळली आहे, तिचा दुसरा संसार कच्च्या कागदावर उभा करू नये.

चिठ्ठी लिहिणारे ते गृहस्थ, किंवा त्या बाई, हे वाचतील की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु अशी चिठ्ठी खिशात घडी करून ठेवलेली, पण वर न पाठविलेली, माणसे प्रत्येक सभेत असतात. हे उत्तर त्यांनाही आहे.